अपयशाचा नियम : चार विज्ञानकथात्मक भूमिकाखेळांचा तौलनिक विचार

एखाद्या मंडळाने एकत्र बसून विज्ञानकथेचा खेळ खेळावयाचे ठरविले, म्हणजे कोणता खेळ निवडावा हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. त्याची उत्तरे साधारणतः दोन प्रकारची दिली जातात. कोणी नियमांच्या सुलभतेकडे बोट दाखवितो, तर कोणी त्या खेळात वर्णिलेल्या विश्वाच्या विस्ताराकडे, त्यातील यानांकडे, शस्त्रांकडे आणि ग्रहांकडे. ह्या दोन्ही कसोट्या निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु त्यांच्या योगाने खेळाची सामग्री कळते, खेळाचे म्हणणे कळत नाही. प्रस्तुत लेखात एक तिसरी कसोटी सुचवावयाची आहे. खेळाडूला प्रतिकूल दान पडले असता तो खेळ त्याच्या पात्राचे काय करतो, हे पाहावे. आमच्या मते विज्ञानकथात्मक खेळांचे परस्परांतील खरे अंतर ह्या एका ठिकाणी जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

ज्याला इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला येथे 'भूमिकाखेळ' असे म्हटले आहे. टेबलाभोवती चार-सहा माणसे बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो. उरलेल्यांपैकी प्रत्येकाकडे एकेक पात्र असते. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, जग त्याला काय उत्तर देते ते सूत्रधार सांगतो, आणि निकाल संशयास्पद असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ह्या प्रकाराला छापील रूप आले. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, जेम्स वॉर्ड ह्यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' निघाला. विज्ञानकथेवर आधारलेला पहिला भूमिकाखेळ म्हणून त्याचा निर्देश केला जातो. त्यानंतरच्या खेळांपैकी 'ट्रॅव्हलर' (१९७७), 'पॅरानोइया' (१९८४), 'स्टार वॉर्स' (१९८७) आणि 'मदरशिप' (२०१८) हे चार येथे विचारासाठी घेतले आहेत.

अशा खेळांचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकाने का करावा, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. खेळात स्थिर संहिता नसते, आणि जी कथा निर्माण होते ती त्या रात्रीपुरतीच असते. आक्षेप खरा आहे. पण तो खेळल्या गेलेल्या कथेला लागू पडतो, नियमांच्या पुस्तकाला नाही. नियमांच्या पुस्तकाचे खेळाशी असलेले नाते रागाच्या मैफलीशी असलेल्या नात्यासारखे आहे. राग म्हणजे मैफल नव्हे. तथापि कोणते स्वर वर्ज्य, कोणत्या स्वरावर विसावावयाचे, हे रागाने आधीच ठरविलेले असते, आणि त्या ठरविण्यातच एक भाव सुचविलेला असतो. नियमातून जीवनदृष्टी बोलते ही कल्पना आपल्याला नवखी वाटण्याचेही कारण नाही. मोक्षपटाच्या घरांत साप पापाचा आणि शिडी पुण्याची असे एकदा मांडले, की पुढे प्रवचनाची गरज उरत नाही.

आता अपयशालाच एवढे महत्त्व का द्यावयाचे? विज्ञानकथेच्या बाबतीत ह्याला एक विशेष कारण आहे. विज्ञान हे एका अर्थाने निसर्गाचा नकार ऐकून घेण्याची शिस्त होय. ज्या कल्पित जगात पात्राच्या इच्छेला कोठेच नकार मिळत नाही ते जग लेखकाचे मनोराज्य असते. त्याला स्वतःचे असे नियम नसतात. खेळात हा नकार उच्चारला जातो तो प्रतिकूल दानाच्या वेळी. म्हणून त्या क्षणी नकार देणारे कोण आहे, निसर्ग, समाज, विवेक की देह, हे पाहिले असता त्या खेळातील विज्ञानकथा कोणत्या जातीची आहे ते कळून येते.

१

'ट्रॅव्हलर' हा मार्क मिलर ह्यांचा खेळ अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप ह्या संस्थेने तीन छोट्या काळ्या पुस्तिकांच्या स्वरूपात प्रसिद्ध केला. त्यात पात्र निर्माण करणे हाच एक स्वतंत्र खेळ आहे. पात्राचे बळ, चापल्य, सहनशक्ती, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा ह्या सहा गोष्टी प्रत्येकी दोन फासे टाकून ठरतात. मग अठराव्या वर्षी ते पात्र नौदल, सागरी सैनिक, भूदल, टेहळणी दल, व्यापारी सेवा किंवा 'इतर' अशा सहांपैकी एका सेवेत शिरते आणि चार-चार वर्षांचे कालखंड तेथे काढते. प्रत्येक कालखंडाने कौशल्य वाढते. पण प्रत्येक कालखंडात जगण्यासाठी दान टाकावे लागते. १९७७ च्या आवृत्तीत हे दान चुकले तर पात्र मरते, आणि तेही कथेला आरंभ होण्यापूर्वीच.

टेहळणी दलात जगण्यासाठी दोन फाशांवर ७ किंवा अधिक यावे लागतात. छत्तीस शक्यतांपैकी एकवीस अनुकूल आहेत. सहनशक्ती ९ किंवा अधिक असेल तर दानात दोन मिळविता येतात. ती सवलत नसेल तर तीन कालखंड, म्हणजे बारा वर्षे, निभावून नेण्याची शक्यता जेमतेम पाचात एक एवढीच राहते. ह्याच्या जोडीला, चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्याची दाने सुरू होतात आणि बळ, चापल्य व सहनशक्ती ह्यांना ओहोटी लागते. म्हणजे खेळाडूसमोर प्रश्न असा पडतो : आणखी चार वर्षे राहून विद्या मिळवावी, की आहे ते घेऊन बाहेर पडावे? येथे मृत्यू केवळ दैवाने येत नाही. खेळाडूचा मोह त्याला निमंत्रण देतो आणि फासा ते निमंत्रण मान्य करतो.

सेवेतून निघालेले पात्र टेबलावर येते ते बहुधा मध्यमवयीन, निवृत्त आणि गरजू असे. व्यापारी पात्राला नशिबाने जहाज मिळालेच, तर त्याच्यावर कर्ज असते. रोख किमतीचा एकपंचमांश आरंभी भरावयाचा आणि मग किमतीचा दोनशेचाळिसावा भाग दरमहा, असे ४८० महिने. चाळीस वर्षांत एकूण फेड मूळ किमतीच्या २२० टक्के होते. एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंतच्या प्रत्येक उडीला सुमारे आठवडा लागतो, आणि बातमी जहाजाहून वेगाने जाऊ शकत नाही. ह्या तीन गोष्टी, म्हणजे वय, अंतर आणि हप्ता, ह्या खेळातील नकाराची रूपे आहेत. राक्षस मारूनही हप्ता चुकत नाही. इतर भूमिकाखेळांत पराक्रमागणिक पात्राची योग्यता वाढत जाते. येथे मात्र अनुभवाचे गुण देण्याची पद्धतच ठेवलेली नाही. प्रौढ माणूस साहसाने बदलत नाही, फार तर श्रीमंत किंवा जखमी होतो, अशी ह्या नियमांमागची धारणा दिसते. अंतराळ हा ज्या वाङ्मयाने स्वप्नाचा प्रदेश मानला, त्याच अंतराळाला येथे वास्तववादी कादंबरीचा हिशेब लावलेला आहे.

२

'पॅरानोइया' हा खेळ ग्रेग कॉस्टिक्यान, डॅन गेल्बर आणि एरिक गोल्डबर्ग ह्यांनी रचला आणि वेस्ट एंड गेम्स ह्या संस्थेने तो १९८४ मध्ये, म्हणजे ऑर्वेलच्या कादंबरीने अजरामर केलेल्या वर्षी, प्रसिद्ध केला. 'अल्फा कॉम्प्लेक्स' नावाच्या बंदिस्त नगरावर एका संगणकाचे राज्य आहे. तो प्रजेचा मित्र म्हणवितो आणि सर्वत्र राजद्रोह पाहतो. माणसांची प्रतवारी इंद्रधनुष्याच्या रंगांवरून केलेली असून तांबड्याच्या खाली एक व जांभळ्याच्या वर एक अशा अदृश्य रंगांच्या पायऱ्या आहेत. वरच्या रंगाच्या मार्गिकेत पाऊल टाकणे हाही गुन्हाच. खेळाडूंची पात्रे द्रोही शोधून काढण्याच्या कामावर नेमलेली असतात. गंमत अशी की प्रत्येक पात्र कोणत्या तरी गुप्त संघटनेचे सभासद असते आणि प्रत्येकाच्या अंगी काही जन्मजात विकृत शक्ती असते. ह्या दोन्ही गोष्टी राजद्रोहात मोडतात. तेव्हा शोधणारा आणि शोधला जाणारा ह्यांत भेद राहत नाही.

ह्या खेळात अपयश हे नियमबाह्य संकट नसून दैनंदिन व्यवहार आहे. प्रत्येक पात्राच्या एकाच साच्यातील सहा प्रतिकृती असतात. एक मेली की दुसरी हजर होते आणि नावापुढचा अनुक्रमांक तेवढा बदलतो. मृत्यूची किंमत अशी उतरविल्यामुळे 'ट्रॅव्हलर'मध्ये ज्या दानाने खेळाडूचा श्वास रोखला जातो त्याच दानाने येथे हशा पिकतो. पण हशा पिकतो म्हणून खेळ उथळ ठरत नाही. येथे नकार देणारा निसर्ग नाही. नकार कार्यालयातून येतो. दिलेले साधन तपासून पाहिलेले नसते, दिलेली आज्ञा दुसऱ्या आज्ञेच्या विरुद्ध असते, आणि तक्रार करण्यास लागणारी परवानगी वरच्या रंगाची असते. सर्वांत मार्मिक योजना नियमांच्या ज्ञानाविषयीची आहे. सूत्रधाराचे पुस्तक सर्वोच्च प्रतीचे असल्यामुळे त्यातील नियम ठाऊक असल्याचे खेळाडूने दाखविले, की तोही राजद्रोह ठरतो. एरवी नियम जाणणारा खेळाडू चांगला समजला जातो. येथे तोच पहिला बळी. बंदिस्त राज्यव्यवस्थेत ज्ञान हाच अपराध कसा होतो हे कादंबरीला वर्णन करून सांगावे लागते. हा खेळ ते खेळाडूच्या अंगवळणी पाडतो.

हे प्रहसन आहे, आणि प्रहसनाच्या मर्यादा त्यालाही आहेत. ज्याने सहकार्याचा एकही भूमिकाखेळ पाहिलेला नाही त्याला सहकार्याची ही थट्टा समजत नाही. शिवाय, एकमेकांना गुन्ह्यात अडकविण्याचा हा विनोद परस्परांना चांगले ओळखणाऱ्या मंडळातच निर्मळ राहतो.

३

त्याच प्रकाशनसंस्थेने तीन वर्षांनी 'स्टार वॉर्स' चित्रपटांवर आधारलेला खेळ काढला, आणि त्याचे रचनाकारही कॉस्टिक्यानच होते. एकाच लेखकाच्या दोन कृतींत अपयशाची इतकी भिन्न कल्पना आढळावी, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाला फार उपकारक आहे.

येथे पात्र घडविण्यास वर्षे खर्चावी लागत नाहीत. तस्कर, बंडखोर वैमानिक, अर्धवट शिकलेला साधक असे तयार साचे आहेत. त्यांतला एक उचलावा आणि कामास लागावे. कौशल्य जितके अधिक तितके फासे अधिक, आणि पडलेल्या दानांची बेरीज सूत्रधाराने ठरविलेल्या आकड्याशी ताडावयाची. मृत्यू शक्य आहे, पण त्याच्या आधी जखमांच्या पायऱ्या आहेत, आणि संकटात पात्राजवळ एक असाधारण साधन असते : 'फोर्स'चा गुण खर्च केला असता त्या वेळेपुरते सर्व फासे दुप्पट होतात. हा गुण कथेच्या निर्णायक क्षणी, परोपकारासाठी वेचला तर परत मिळतो, वर आणखी एकाची भर पडते. स्वार्थासाठी वेचला तर तो जातो. दुष्कृत्यासाठी वेचला तर काळ्या बाजूचा गुण पदरी पडतो. असे गुण साठत गेले म्हणजे एके दिवशी ते पात्र खेळाडूच्या हातून काढून घेतले जाते आणि सूत्रधाराच्या स्वाधीन होते.

ह्या शेवटच्या नियमाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. ह्या खेळातील खरे अपयश मरण हे नाही. मेलेला नायक कथेत नायकच राहतो. पात्र जिवंत असून आपले न राहणे, हे ते अपयश. नकार येथे विवेकाकडून येतो. भौतिक नियमांची पर्वा मात्र ह्या विश्वाला फारशी नाही. अंतर, इंधन आणि वय ह्यांनी येथे कोणाचे अडत नाही. म्हणून काटेकोर अर्थाने ही विज्ञानकथा नव्हे. यानांचा वेष घेतलेली ती वीररसप्रधान अद्भुतकथा आहे. हे न्यून म्हणून सांगत नाही. निवडणाऱ्या मंडळाला ते ठाऊक असावे, एवढेच. ह्या खेळाच्या पुस्तकांनी चित्रपटांत नुसत्या दिसलेल्या गोष्टींना नावे आणि तपशील दिले, आणि टिमथी झान ह्यांना 'एअर टु द एम्पायर' (१९९१) ही कादंबरी लिहिताना तीच पुस्तके संदर्भासाठी पुरविण्यात आली. खेळाकडून वाङ्मयाकडे आलेल्या ऋणाचे हे उदाहरण अभ्यासकांनी नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

४

'मदरशिप' हा शॉन मॅकॉय ह्यांचा खेळ ट्यूसडे नाइट गेम्स ह्या संस्थेचा. त्याचे खेळाडूंसाठीचे पुस्तक प्रथम २०१८ मध्ये निघाले. येथील विवेचन त्यानंतरच्या, 'पहिली' म्हणून संबोधिलेल्या आवृत्तीला धरून आहे. पात्रे चार प्रकारची : कष्टकरी, सैनिक, शास्त्रज्ञ आणि यंत्रमानव. प्रत्येक गुण दहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक पंचवीस असा काढावयाचा, म्हणजे सरासरी छत्तीसच्या घरात. प्रसंगी शंभरातील आकडा टाकून तो गुणापेक्षा कमी यावा लागतो. प्रकारानुसार आणि कौशल्यानुसार काही भर पडते हे खरे. तरी पुष्कळ दाने चुकणार हे उघड आहे. चुकलेल्या प्रत्येक दानाबरोबर मनावरचा ताण एकाने वाढतो, आणि घबराटीच्या कसोटीत वीस बाजूंचा फासा ताणाच्या आकड्याच्या वर न गेल्यास पात्राचा तोल सुटतो. म्हणून शहाणा खेळाडू फासा टाकण्याची वेळच येऊ नये अशा बेताने वागतो; तो विचारतो, पाहतो, दार लावून घेतो. लपून राहण्याचे स्वतंत्र कौशल्य ह्या खेळात ठेवलेले नाही. ते असते तर भयाचा निकाल एका दानात लागला असता. ते नसल्यामुळे कोठे लपलो, श्वास कसा रोखला, हे खेळाडूला बोलूनच दाखवावे लागते.

अपयश येथे संसर्गजन्य आहे. शास्त्रज्ञाच्या बुद्धीचा तोल ढळला की जवळच्या सोबत्यांचा ताण वाढतो. सैनिक घाबरला की जवळच्या प्रत्येकाला भयाची कसोटी द्यावी लागते. मृत्यूची योजना तर विलक्षण आहे. पात्र कोसळले म्हणजे फासा पेल्यात हलवून पेला पालथा ठेवावयाचा. कोणी जवळ जाऊन नाडी पाहीपर्यंत तो उचलावयाचा नाही. सोबती जिवंत आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, आणि कळून घ्यावयाचे तर धोका पत्करून त्याच्यापाशी जावे लागते. नकार देणारा येथे देह आहे.

ह्याच जातीच्या दुसऱ्या एका खेळाशी तुलना केल्यास ह्या नियमाचे वेगळेपण ध्यानात येईल. स्वीडनमधील फ्री लीग ह्या संस्थेच्या 'एलियन' (२०१९) ह्या खेळातही ताण आहे. पण तेथे ताणाबरोबर जादा फासे मिळतात. त्यांच्यामुळे यशाची शक्यता वाढते, आणि त्यांवर १ पडल्यास घबराट होते. भय माणसाला काही काळ तीक्ष्ण करते व मग मोडते, असे तो खेळ म्हणतो. 'मदरशिप'मध्ये भय केवळ झिजविते. दोहोंचा विषय एक, वातावरण जवळजवळ एक. मनुष्याविषयीचे मत मात्र एका नियमाने वेगळे झाले.

५

ह्या विवेचनावर असे म्हणता येईल की टेबलावर नियम जसेच्या तसे पाळले जात नाहीत. सूत्रधार दान झाकतो, मंडळ सवलती देते. हे खरे आहे. परंतु सवलत दिल्याने अर्थ कसा बदलतो हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे उलट दृढच होते. 'ट्रॅव्हलर'च्या १९८१ च्या आवृत्तीत, जगण्याचे दान चुकल्यास मृत्यूऐवजी जखमी होऊन सेवा सोडावी, असा वैकल्पिक नियम आला. मंगूज ह्या संस्थेच्या २००८ च्या आवृत्तीत मृत्यूची जागा दुर्घटनांच्या कोष्टकाने घेतली. त्यामुळे पात्राला शत्रू, व्रण आणि पूर्वेतिहास लाभला, आणि कथेच्या दृष्टीने हा लाभ थोडा नाही. पण 'आणखी चार वर्षे?' ह्या प्रश्नाची धार गेली. पूर्वी टेबलावर येणारा प्रत्येक जण मोहातून वाचलेला असे. आता तो केवळ अपघातातून वाचलेला असतो.

रसविचाराची परिभाषा लावून पाहिल्यास 'पॅरानोइया' हास्याचा, 'स्टार वॉर्स' वीराचा आणि 'मदरशिप' भयानकाचा खेळ, हे सहज म्हणता येते. 'ट्रॅव्हलर' मात्र ह्या चौकटीत बसत नाही. कर्जाचा हप्ता, ओसरणारे बळ आणि आठवडाभर शिळी झालेली बातमी ह्यांतून कोणता स्थायिभाव जागा होतो हे सांगणे कठीण आहे, आणि आमच्या मते त्याचे श्रेष्ठत्व येथेच आहे. इतर तीन खेळ विशिष्ट परिणाम साधण्यासाठी जग घडवितात. 'ट्रॅव्हलर' जग घडवितो आणि परिणामाची जबाबदारी खेळणाऱ्यांवर सोडतो. विज्ञानकथा म्हणून ह्या चौघांत आम्ही त्याला पहिले स्थान देतो.

तथापि श्रेष्ठ कृती आणि विशिष्ट मंडळाला योग्य कृती ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. जे मंडळ महिनोन्महिने नियमाने जमणार आहे, ज्याला हिशेबाचा कंटाळा नाही, त्याने 'ट्रॅव्हलर' घ्यावा. ज्याच्या हाती दोन-तीन संध्याकाळच आहेत आणि ज्यातील प्रत्येक जण आपले पात्र गमावण्यास मनाने सिद्ध आहे, त्याने 'मदरशिप' घ्यावा. ज्यात नवखे व मुले आहेत त्याला 'स्टार वॉर्स' अनुकूल आहे, कारण तेथे चुकलेल्याला सावरण्याची संधी नियमानेच दिली आहे. 'पॅरानोइया' मात्र जुन्या स्नेह्यांनी, दुसरा एखादा खेळ पुरेसा खेळून झाल्यावर, हाती घ्यावा. निवड करण्यापूर्वी मंडळाने यानांची यादी पाहण्याऐवजी एकमेकांना एवढेच विचारावे, की आपण हरलो तर ते कोणाकडून हरणे आपल्याला सोसेल, आणि कोणत्या हरण्याविषयी नंतर बोलत बसावेसे वाटेल.

आपल्याकडील विज्ञानकथेच्या अभ्यासात आजवर कथा आणि कादंबरी ह्यांचाच विचार प्राधान्याने झाला आहे. नियमांची पुस्तके ही त्या अभ्यासाची सामग्री होऊ शकतात. त्यांत वर्णन थोडे असते, पण मनुष्य, काळ आणि सत्ता ह्यांविषयीची मते आकड्यांच्या रूपाने मांडलेली असतात, आणि आकड्यांना संदिग्ध राहता येत नाही. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकाच खेळाच्या सर्व आवृत्त्या पुढे ठेवून त्यातील मृत्यूविषयक नियम कसकसे बदलत गेले एवढेच तपासले, तरी त्या काळाच्या वाचकाला भविष्याविषयी काय वाटत होते ह्याचा एक विश्वसनीय आलेख हाती येईल.